कंसांच्या मांडणीतून वेब पानं: ‘ठळक’ चालतं, ‘परि’ का चालत नाही?

पटावरचा

बुद्धिबळाच्या नोंदी मी बरीच वर्षं साध्या मजकूर फायलींमध्ये लिहीत आलोय. आता त्यांची वेब पानं करायची आहेत. एचटीएमएल हाताने लिहायचा कंटाळा आहेच, पण खरी अडचण कीबोर्डची. मी इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कीबोर्ड मांडणीवर लिहितो. त्यात साधे कंस शिफ्ट ९ आणि शिफ्ट ० वर मिळतात, टोकदार कंस मात्र नाहीत. त्या कींवर शिफ्ट धरलं की ष आणि दंड उमटतो. अवतरण चिन्हाच्या कीवर ट-ठ बसलेत, चौकोनी कंसाच्या कीवर ड-ढ. म्हणजे एकेका टॅगसाठी (टोकदार कंसांतल्या एचटीएमएलच्या खुणेसाठी) दोनदा भाषा बदला. परिच्छेदात चार शब्द ठळक करायचे म्हटलं तरी लिहिण्याची लय जाते.

म्हणून लिस्प या कंसांवर उभ्या असलेल्या प्रोग्रॅमिंग भाषेसारखी मांडणी घेतली आणि टॅगांची नावंही देवनागरीत ठेवली (‘परि’ म्हणजे परिच्छेद):

(परि पांढऱ्याच्या (ठळक हत्ती)ने आठवी पट्टी गाठली की डाव संपला. काळ्या राजाला त्याचीच प्यादी अडवतात (हे पुढच्या पानावर पाहू).)

आणि पटाची आकृती अशी:

(पट
  (पांढरे (राजा जी१) (हत्ती ई१) (प्यादी एफ२ जी२ एच२))
  (काळे (राजा जी८) (प्यादी एफ७ जी७ एच७)))

यातून पान बनवणारा छोटा प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहिलाय. फाईल वाचायची, रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकुरातला नमुना शोधणाऱ्या सूत्राने) तुकडे पाडायचे, कंस उघडला की नाव तक्त्यात शोधायचं, त्याचा एचटीएमएल टॅग मजकुराला जोडायचा, कंस मिटला की बंद करणारा टॅग जोडायचा. नाव तक्त्यात नसेल तर तो साधा कंस समजून जसाच्या तसा छापायचा, कारण नोंदींमध्ये साधे कंसही भरपूर आहेत.

अडतंय ते असं. (ठळक …) आणि (पट …) बिनचूक ओळखले जातात, पण (परि …), (दुवा …), (मथळा …) कंसासकट पानावर उमटतात. तक्त्यात नावं आहेत, शुद्धलेखन चार वेळा तपासलं. दुसरं, ‘हत्तीने’ऐवजी ‘हत्ती ने’ छापलं जातं आणि पूर्णविरामाआधी कधीकधी जागा सुटते. तिसरं, पटाच्या आतले (राजा जी१) वगैरे कंस आधी हाताळले जातात, साधा मजकूर होऊन बसतात, आणि पट बनवणाऱ्या फंक्शनला तोच मजकूर पुन्हा फोडावा लागतो. हे चालतंय, पण बघवत नाही.

मांडणीच चुकली आहे की प्रोग्रॅम? की तयार काही वापरावं? मला पायथनच येतं, स्कीम वगैरे लिस्पच्या कुळातल्या भाषा नाहीत.

सरळमार्गी

स्पष्ट सांगू का? स्वतःची भाषा काढू नका. मार्कडाउन ही साध्या चिन्हांची तयार पद्धत घ्या, एखादा तयार साइट जनरेटर घ्या आणि लिहायला बसा. ठळक करायला मार्कडाउनमध्ये तारांकनं लागतात, ती न्यूमपॅडवर असतात, भाषा बदलावी लागत नाही. पटाच्या आकृत्या वेगळ्या छोट्या स्क्रिप्टने एचटीएमएलमध्ये बनवून मधे चिकटवा, मार्कडाउन कच्चं एचटीएमएल चालवून घेतं. स्वतःच्या भाषेची गंमत पहिल्या आठवड्यात असते. मग तिचे बग आपलेच, तिचं डॉक्युमेंटेशन आपलंच, आणि बुद्धिबळ राहतं बाजूला.

कंसातली

सरळमार्गी, नोंदींमध्ये नुसता मजकूर असता तर मीही हेच म्हटलं असतं. पण आकृती ‘वेगळ्या स्क्रिप्टने बनवून चिकटवा’ म्हणजे मूळ स्थिती एका फाईलमध्ये, तिचं एचटीएमएल दुसरीकडे. एक प्यादं हलवायचं ठरलं की दोन्हीकडे हात. शिवाय न्यूमपॅड सगळ्या लॅपटॉपला नसतो. यंत्रांच्या माहितीपुस्तिका अशाच कंसांच्या मांडणीतून बनवणं हा माझा रोजचा उद्योग आहे, तेव्हा मी पक्षपाती आहे हे धरून पुढचं वाचा.

पटावरचा, मांडणी ठीक आहे. प्रोग्रॅममध्ये दोन गोष्टी बदलाव्या लागतील. त्याआधी ‘परि’चं कोडं.

नाव ओळखायला तुम्ही बॅकस्लॅश-डब्ल्यू वापरलंय, पैज लावते. पायथनच्या अंगभूत ‘आरई’ मोड्यूलमध्ये त्याचा अर्थ अक्षर, अंक किंवा अंडरस्कोअर. काना, वेलांटी, उकार, हलन्त यांना युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारं मानक) अक्षरांत धरत नाही, ती ‘मार्क’ या वेगळ्या वर्गात मोडतात. ‘ठळक’ आणि ‘पट’ यांत एकही मात्रा नाही म्हणून ते वाचले. ‘परि’ तुमच्या प्रोग्रॅमला ‘पर’ दिसतं, ‘दुवा’चा नुसता ‘द’ हाती लागतो, ‘मथळा’चं ‘मथळ’. ‘हत्ती’ दिलात तर ‘हत’ आणि ‘त’ असे दोन तुकडे पडतील. शुद्धलेखन चाळीस वेळा तपासलंत तरी हे सापडणार नाही.

उपाय असा की नाव कशाचं बनतं हे सांगायच्या भानगडीत पडूच नका. ते कुठे संपतं तेवढं सांगा: मोकळी जागा, उघडा कंस किंवा बंद कंस. हे तीन सोडून जे काही सलग येईल ते नाव. लिस्पचे वाचकही (कोड वाचणारे प्रोग्रॅम) नाव असंच तोडतात, त्यामुळे तुमची मांडणी कुळाला धरूनच राहील.

पण हा बग इतका काळ टिकला कसा? अनोळखी नाव दिसलं की तुमचा प्रोग्रॅम ‘असेल साधा कंस’ म्हणून पुढे जातो, म्हणून. हा समजूतदारपणा काढून टाका. उद्या घाईत (ठळख हत्ती) लिहिलंत तर ते तसंच पानावर जाईल आणि वाचणारा कळवेल तेव्हा तुम्हाला कळेल. अनोळखी नाव आलं की प्रोग्रॅमने फाईल आणि ओळ क्रमांक सांगून थांबलं पाहिजे. पानच बनता कामा नये.

मग साध्या कंसांचं काय? रॅकेट या लिस्पच्याच कुळातल्या भाषेत दस्तऐवज लिहायचं साधन आहे स्क्रिबल, त्याने यासाठी ‘@’ हे खुणेचं चिन्ह घेतलं. पॉलेन या तशाच साधनाने तर ‘◊’ घेतलं, कारण ते गद्यात कुणी वापरत नाही. तुमच्या कीबोर्डवर दोन्ही नाहीत. पण एक जागा मोकळी आहे. तुमच्या मांडणीत कंसानंतर लगेच दुसरा कंस येण्याला काहीच अर्थ नाही, कारण पहिल्या कंसानंतर नाव हवं. तेव्हा दुहेरी कंस म्हणजे छापायचा कंस:

((हे पुढच्या पानावर पाहू))

वाचताना दोन उघडे कंस लागोपाठ दिसले की ते एकदम उचला आणि स्टॅकवर, म्हणजे न मिटलेल्या कंसांच्या चळतीवर, ‘छापील कंस’ अशी नोंद ठेवा. ती नोंद वर असताना मिटायलाही दोनच कंस लागतील. आत पुन्हा (ठळक …) आलं तरी गोंधळ होत नाही. जुन्या नोंदींत हा बदल करायचा तर कडक केलेला प्रोग्रॅम स्वतःच एकेक ओळ दाखवत जाईल.

आता मुख्य गोष्ट. तुमचा प्रोग्रॅम वाचता वाचता एचटीएमएल जोडत जातो. मधे झाड, म्हणजे कुठल्या कंसाच्या आत काय आहे याची फांद्यांसारखी रचना, नाहीच. लिस्पची मांडणी घेऊन झाड न बनवणं म्हणजे तिचे फक्त कंस घेतल्यासारखं आहे. तीन टप्पे वेगळे करा: वाचणं, उलगडणं (‘पट’सारख्या नावाच्या जागी त्याचा तपशील बसवणं), छापणं. पहिल्या दोन टप्प्यांत टॅगचा एक तुकडाही मजकूर म्हणून बनवायचा नाही. झाडाचा नोड (एकेक गाठ) म्हणजे एकतर मजकूर, नाहीतर नाव, ओळ क्रमांक आणि मुलांची, म्हणजे त्याच्या आतल्या नोडांची, यादी. इतकंच.

वाचताना मोकळी जागा हा मजकुराचा भाग आहे. तुम्ही जागेवर तुकडे पाडताय आणि नंतर मधे एकेक जागा घालून जोडताय, म्हणून ‘हत्ती ने’. इंग्रजी पानांत हा घोळ फक्त विरामचिन्हांपाशी दिसतो. आपल्याकडे प्रत्यय शब्दाला चिकटून येतात, त्यामुळे दर दोन ओळींत दिसतो. नावानंतरची एक जागा तेवढी गाळा (नवी ओळ असेल तर तीही एक जागाच), बाकी सगळं जसंच्या तसं ठेवा. तुमच्या वाक्याचं झाड असं यायला हवं:

परि
  “पांढऱ्याच्या ”
  ठळक
    “हत्ती”
  “ने आठवी पट्टी गाठली की डाव संपला. …”

‘पांढऱ्याच्या’नंतरची जागा पहिल्या तुकड्याच्या पोटात आहे आणि ‘ने’च्या आधी काही नाही. जोडताना हुशारी करायची वेळच येत नाही. जाता जाता एक: ‘घोड्याने’मधला ‘घोड’ ठळक करून बाहेर ‘्याने’ लिहू नका. टॅगच्या हद्दीवर हलन्त किंवा मात्रा एकटी पडली की काही ब्राउझर तिथे ठिपक्यांचं वर्तुळ काढतात. सामान्यरूप होतं तिथे आख्खा शब्द ठळक करावा.

उलगडताना क्रम उलटा करा. तुम्ही आतून बाहेर येताय, म्हणून (राजा जी१) आधी चिरडलं जातं. बाहेरून आत जा. ‘पट’ दिसला की त्याच्या फंक्शनला मुलं कच्ची द्या, न उलगडता. तो ठरवेल ‘राजा’चा अर्थ काय. पटाबाहेर ‘राजा’ हे नाव अस्तित्वातच नसावं, तिथे आलं तर चूक दाखवावी. फंक्शनने परत दिलेलं झाड पुन्हा उलगडायला घ्या, त्यात आणखी काही असेल तर तेही सुटेल. लिस्पमध्ये मॅक्रो आणि फंक्शनमध्ये जो फरक करतात तो हाच: फंक्शनला शिजलेलं मिळतं, मॅक्रोला कच्चं. पटाचा तक्ता करताना ए१ हे घर काळं असतं एवढं धरा. स्तंभ आणि पट्टी यांचे क्रमांक मिळवून बेरीज सम आली तर काळं, विषम आली तर पांढरं.

मोहरे यादीत लिहायचं तुम्ही ठरवलंत ते उत्तम केलंत, कारण माहीत असो वा नसो. ‘हघोउंवराउंघोह’ अशी सलग ओळ लिहिली असती तर ‘घो’ हे दोन कोडपॉइंट (युनिकोडचे क्रमांक), ‘उं’ हेही दोन, आणि एकेक ‘अक्षर’ वेगळं काढायला वेगळी लायब्ररी लागली असती. यादीत जागा सोडली की काम झालं.

<, > आणि & यांचं एस्केपिंग (ती टॅगचा भाग न वाटता चिन्हं म्हणूनच दिसावीत असं लिहिणं) फक्त छापणाऱ्या टप्प्यात, झाडातल्या मजकुराच्या नोडपाशी पोचलात की. अॅट्रिब्यूटमध्ये (टॅगच्या आत लिहिलेल्या माहितीत) दुहेरी अवतरणही. मधल्या कुठल्या मॅक्रोने स्वतःची हुशारी म्हणून आधीच एस्केप केलं तर & दोनदा बदलला जातो आणि पानावर कचरा दिसतो. बंद टॅग न लागणारे घटक एचटीएमएलमध्ये मोजकेच आहेत: ओळ तोडणारा, आडवी रेघ, चित्र, मेटा, लिंक, इनपुट वगैरे. त्यांची यादी तक्त्यात टाका. बाकी कुठलाही घटक रिकामा असला तरी त्याला बंद टॅग द्याच. रिकाम्या ‘डिव्ह’ला शेवटी तिरकी रेघ देऊन मिटवलं तर एचटीएमएलमध्ये ती रेघ दुर्लक्षिली जाते आणि पुढचं सगळं पान त्या डिव्हच्या पोटात जातं. सुंदर दिसावं म्हणून ओळी आत सरकवण्याचा मोहही टाळा, त्या जागा पुन्हा शब्दांमध्ये शिरतात. पानाचा सोर्स कुणी वाचत नाही.

आणि न मिटलेल्या कंसाचा प्रश्न. फाईलच्या शेवटी ‘एक कंस कमी’ एवढंच कळून उपयोग नसतो. नियम करा की विभाग, मथळा, परि, पट हे ओळीच्या अगदी सुरुवातीला, पहिल्या स्तंभात सुरू होतात आणि बाकी कुठलाही कंस पहिल्या स्तंभात येत नाही. मग पहिल्या स्तंभात उघडा कंस आला आणि आधीचं काही मिटलेलं नसेल, तर चूक त्याच्या आधीच्या तुकड्यात आहे. ईमॅक्स हा एडिटर लिस्पचा कोड वाचताना वर्षानुवर्षं हाच संकेत धरत आलाय.

जुनी वही

कंसातलीने उपाय सांगितलेच आहेत. ‘तयार काही आहे का’ याला थोडं उत्तर.

आहे, आणि लिस्पच्या कुळातल्या भाषांत बरंच आहे. स्कीममध्ये ओलेग किसेल्योव यांची एसएक्सएमएल पद्धत, कॉमन लिस्पमध्ये एडी वाइट्झ यांचं सीएल-हू, क्लोजरमध्ये हिकप, रॅकेटमध्ये एक्स-एक्स्प्रेशन. कल्पना सगळीकडे एकच: यादीचं पहिलं पद म्हणजे टॅग, उरलेली म्हणजे मुलं. पण यातल्या बहुतेकांत मजकूर अवतरण चिन्हांत लिहावा लागतो, कारण ती प्रोग्रॅमच्या आत एचटीएमएल लिहायला बनली आहेत. जिथे कोड जास्त, मजकूर कमी, तिथे हे सोयीचं. तुमचं उलट आहे, मजकूर जास्त आणि आज्ञा मोजक्या. त्या घराण्यातली म्हणजे स्क्रिबल, पॉलेन, त्याआधीची स्क्राइब. कल्पना काल-परवाची नाही. एसजीएमएल या एचटीएमएलच्या आधीच्या खुणांच्या पद्धतीतल्या दस्तऐवजांची मांडणी ठरवायला स्कीमवर बेतलेली डीएसएसएसएल ही भाषा १९९६ साली आयएसओ मानक झाली होती.

मराठीसाठी, इन्स्क्रिप्टवर, पायथनमध्ये यातलं काहीच सरळ बसत नाही. तेव्हा स्वतःचं लिहिणं इथे वाया जाणार नाही. एकच सुचवतो: लिस्पचा खरा ‘रीड’ (तिचा अंगभूत वाचक) वापरून मराठी गद्य वाचायचा प्रयत्न कुणी सुचवला तर करू नका. गद्यातला अर्धविराम तिथे टीप (प्रोग्रॅमने सोडून द्यायचा मजकूर) सुरू करतो आणि ओळीचं उरलेलं सगळं गिळतो, स्वल्पविरामालाही वेगळा अर्थ, सुट्या पूर्णविरामालाही. स्वतःचा वाचक लिहायला पन्नासेक ओळी पुरतात.

पटावरचा

कंसातली, पैज तुम्ही जिंकलात. बॅकस्लॅश-डब्ल्यूच होतं.

आज तिन्ही टप्पे वेगळे केले. वाचक खरंच पन्नासेक ओळींत बसला. कडक केल्यावर पहिल्याच फाईलीत नऊ ठिकाणी थांबला. सात साधे कंस, ते दुहेरी केले. एक (मथाळा …). आणि एक (तिरका …), जो मी तक्त्यात कधी टाकलाच नव्हता, म्हणजे एक शब्द इतके दिवस कंसात उभा होता आणि मला तो मुद्दाम लिहिलेला कंस वाटत होता. ‘हत्तीने’ आता एकसंध येतं. पट कच्ची मुलं घेतो, आणि पटाबाहेर (राजा …) लिहून पाहिलं तर ओळ क्रमांकासह तक्रार करतो.

पुढचं सांगा. अनुक्रमणिका पानाच्या वर हवी, पण वर छापताना खालचे मथळे अजून आलेले नसतात. आणि दुव्यांमध्ये पत्ता लिहायला शेवटी इंग्रजी कीबोर्ड लागतोच.

कंसातली

झाड हातात आहे ना, मग ‘अजून आलेले नसतात’ हा प्रश्नच उरत नाही. सगळं उलगडून झालं की छापण्याआधी झाडातून एकदा फिरा, मथळे गोळा करा, प्रत्येकाला आयडी, म्हणजे दुव्यातून तिथे पोचायचं नाव, द्या. मग (अनुक्रम) या नोडच्या जागी यादी बसवा. मजकूर जोडत जाणाऱ्या प्रोग्रॅमला हे जमवायला कसरत करावी लागते, तुम्हाला वीस ओळी लागतील.

आयडी मथळ्याच्या मजकुरातून काढू नका, स्वतः लिहा:

(मथळा मागचीपट्टी शेवटच्या पट्टीवरची मात)

पहिला शब्द आयडी, उरलेला मथळा. एचटीएमएलमध्ये आयडी देवनागरीत चालतो, मधे मोकळी जागा नसली म्हणजे झालं. छोटा मात्र ठेवा. पत्ता कॉपी केला की ब्राउझर बहुधा तो टक्केवारीच्या चिन्हांत बदलून देतात, आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीचा एकेक कोडपॉइंट तीन बाइटचा, म्हणजे चिकटवताना एकाची नऊ चिन्हं होतात. मजकुरातून आपोआप आयडी काढला तर लांबीही वाढते, आणि मथळ्यातला एक शब्द सुधारला की बाहेरून त्या जागेला जोडलेले सगळे दुवे तुटतात.

दुव्यांसाठी पत्ते वेगळ्या फाईलीत, टोपणनावासह. मजकुरात (दुवा नियमावली सगळे नियम) एवढंच. टोपणनाव फाईलीत नसेल तर तीच शिक्षा: ओळ क्रमांक सांगून थांबायचं. इंग्रजी कीबोर्ड एकदाच, पत्त्यांची फाईल भरताना.

रफार

आयडी आणि टोपणनावं देवनागरीत ठेवणार असाल तर एक खड्डा आधीच बुजवा. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ऱ (०९३१) आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, तुलनेत वेगळे. मथळ्याचा आयडी एका फाईलीत एका तऱ्हेने आणि दुवा दुसऱ्या फाईलीत दुसऱ्या तऱ्हेने लिहिला गेला, तर प्रोग्रॅम म्हणेल ‘असं नाव नाही’ आणि तुम्ही दोन्हीकडे तोच शब्द बघत बसाल. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच मजकुराच्या वेगवेगळ्या तऱ्हा एकसारख्या करणं) इथे कामाचं नाही. त्याच्या लेखी हे दोन वेगळेच आहेत.

जॉइनर सरसकट पुसून टाकायचा उपाय काही जण सांगतात. करू नका. पुसला की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. र, हलन्त, जॉइनर हे त्रिकूट दिसेल तिथे ऱ आणि हलन्त घाला. फाईल वाचल्या वाचल्या, वाचकाच्याही आधी.

पटावरचा

बदल केला. माझ्याच नोंदींत दोन्ही तऱ्हा निघाल्या, फोनवर लिहिलेल्या फायली एका प्रकारच्या, संगणकावरच्या दुसऱ्या.

शेवटचं एक. पटावर मोहरे युनिकोडच्या चिन्हांनी दाखवतोय. संगणकावर झकास. फोनवर मात्र काळी प्यादी बाकीच्या मोहऱ्यांपेक्षा मोठी आणि चकचकीत येतात. काळा हत्ती, काळा घोडा नीट, फक्त प्यादी. तक्त्यात मी पांढऱ्या चिन्हाच्या कोडमध्ये सहा मिळवून काळं काढतो, तिथे काही चुकतंय का?

कंसातली

सहा मिळवणं बरोबर आहे. षोडशमान क्रमांकांत २६५४ ते २६५एफ अशी बारा चिन्हं सलग आहेत, आधी पांढरी सहा, मग त्याच क्रमाने काळी सहा. फक्त शेवटचं, म्हणजे काळं प्यादं, युनिकोडने इमोजींच्या यादीतही घेतलंय. बाकी अकरा घेतलेली नाहीत. म्हणून फोन तेवढंच इमोजीच्या फॉन्टमधून काढतो.

त्या चिन्हाच्या लगेच मागे एफई०ई हा व्हेरिएशन सिलेक्टर जोडा. त्याचा अर्थ ‘हे मजकूर म्हणून दाखव’. बाराही चिन्हांना जोडत बसू नका, ज्यांची इमोजी नाहीत त्यांच्यामागे तो जोडण्यात अर्थ नाही. जोडायचा तो पटाच्या मॅक्रोमध्ये, छापणाऱ्या टप्प्यात नाही. छापणाऱ्याला बुद्धिबळ कळता कामा नये.